गुडघ्याच्या उंचीची काठी

३ तारीख, मंगळवार

ही वही फायर स्टेशनच्या मॅडमनी दिली. रोज काय शिकलात ते लिहून ठेवा म्हणाल्या. मी चौथीपर्यंत शिकलेली, लिहायचं म्हटलं की बोटं आखडतात. पण दिलीच आहे तर लिहीन. मॅडम वाचणार नाहीत म्हणे. वाचली तरी हरकत नाही, मी तोंडावर बोलते तेच इथे.

आज संध्याकाळी गल्लीतल्या सगळ्यांना स्टेशनच्या अंगणात बोलावलं होतं. मधोमध एक लाल हातगाडी उभी. दोन चाकं, वर पाणी खेचायचं इंजिन, खाली पेटीत गुंडाळलेला पाइप. मी तर बघतच राहिले. बाळंतिणीकडे बाळ बघायला जावं तशा सगळ्या बायका भोवती जमल्या.

आमच्या गल्लीत बंब शिरत नाही. मागच्या वर्षी शेवटच्या घराला, म्हणजे माझ्या जाऊबाईच्या घराला आग लागली तेव्हा बंब तोंडाशीच उभा राहिला. माणसं खांद्यावर पाइप घेऊन धावली, एकाला एक जोडत. पाणी पोचायला अकरा मिनिटं लागली. तोवर मी बादल्या मारत होते. चौदा मारल्या. त्या आगीला चौदा बादल्या म्हणजे हत्तीला शेंगदाणे. माणसं वाचली, स्वयंपाकघर आणि माळा गेला. त्या दिवसापासून माझ्या मनात एक राग बसलाय, कुणावर ते मला माहीत नाही.

मॅडम म्हणाल्या, गाडी एकच आहे. गल्ल्या दोन आहेत, तुमची आणि मागची बेकरीची. चोवीस तारखेला मोठे साहेब येतील. भोंगा वाजल्यापासून चार मिनिटांत शेवटच्या घरावर पाणी पडलं तर गाडी तुमची. नाही पडलं तर बेकरीच्या गल्लीची, आणि तुम्हाला पुढच्या वर्षी बघू. गल्लीच्या शेवटी जमिनीत जुनी पाण्याची टाकी आहे. गाडी तिथवर ढकलत न्यायची, टाकीत नळी सोडायची, इंजिन चालू करायचं.

कोण येणार विचारल्यावर सगळे एकमेकांची तोंडं बघायला लागले. मी हात वर केला. शेजारी सून उभी होती, तिचाही धरून वर केला. ती काही बोलली नाही. ती कधीच बोलत नाही. मुलगा बाहेरगावी कामाला, आणि घरात ही मुकी माझ्या वाट्याला.

मॅडम दिसायला माझ्या सुनेएवढ्या. मला मावशी म्हणतात. मी काय त्यांच्या आईची बहीण आहे?

४ तारीख, बुधवार

आज स्टेशनचे कपडे आले. एकोणीस वर्षं त्यांची इस्त्री माझ्याकडेच आहे. कोण कसं काम करतो ते मला पँटीवरून कळतं. गुडघे काळे तो आत शिरणारा. गुडघे स्वच्छ तो बाहेर उभा राहून हात दाखवणारा. मॅडमच्या पँटीचे गुडघे कितीही घासले तरी काळेच. हे मला आधी माहीत नव्हतं, नवीन कपड्यांवर नाव बघितलं तेव्हा कळलं.

आमच्याकडे काहीही झालं की लोक आधी स्टेशनवर जातात. किल्ली आत राहिली, बोटात अंगठी अडकली, म्हातारा पायरीवरून घसरला. दुपारी बाराचा भोंगा झाला की गल्लीतली सगळी घड्याळं जुळतात. अंगणातल्या बाकावर चार म्हातारे रोज बसतात आणि बंब धुतला की नीट धुतला नाही म्हणून सांगतात. असलं स्टेशन आहे, आणि आमच्यापर्यंतच यायला त्याला वाट नाही. मला हे आता खपत नाही.

ह्यांना सांगितलं, मी आग विझवायला शिकते आहे. हे शाळेची गाडी चालवतात, दिवसभर पोरांचा कलकलाट ऐकून घरी गप्प असतात. म्हणाले, "आग तुला बघूनच विझेल." आणि पेपरात डोकं घातलं.

६ तारीख, शुक्रवार

काय मजा आली. अंगाला घाम, हाताला फोड, पण मी खूश आहे.

आज पाइप जोडायला शिकलो. पितळी तोंडं असतात, एकात एक बसवून फिरवायची. खट असा आवाज आला की बसलं. नाही आला तर पाणी तुमच्याच तोंडावर. पाइप गुंडाळायचीही रीत आहे. आधी दुमडायचा, मग गुंडाळायचा, म्हणजे दोन्ही टोकं बाहेर राहतात आणि एक लाथ मारली की सरळ उलगडत जातो. स्टेशनमधला उंच फायरमन, ज्याला सगळे शिडी म्हणतात, त्याने दाखवलं.

मग कामं वाटली. शिंपी आणि पैलवान गाडी ढकलणार. पैलवान म्हणजे काटकुळा, त्याचं नाव कुणी ठेवलं देव जाणे. इंजिनची दोरी शिंपी ओढणार. जाऊबाई टाकीचं झाकण उघडून नळी आत सोडणार, कारण टाकी तिच्याच दाराशी. पाइपाचं पुढचं तोंड, जिथून पाणी निघतं, ते मला हवं होतं. मी पुढेही झाले. मॅडमनी ते सुनेच्या हातात दिलं.

मला म्हणाल्या, मावशी, तुम्ही गाडीच्या पुढे पळायचं आणि वाट मोकळी करायची. आवाज तुमच्याइतका कुणाचा नाही.

असो. दोन दिवसांत मॅडमना कळेल सून किती हळू आहे. तोवर मी ओरडते.

७ तारीख, शनिवार

आजचा दिवस माझा होता.

मॅडमनी एक बांबूची काठी दिली. गाडीच्या दोन चाकांच्या रुंदीएवढी, वर चार बोटं जास्त. म्हणाल्या, ही आडवी धरून गल्लीच्या तोंडापासून शेवटपर्यंत चालत जा. काठी गुडघ्याच्या वर जाऊ द्यायची नाही, कारण चाकांचा आस तेवढ्यावर आहे. जिला लागेल ती वस्तू हलवायची. मग ती कुणाचीही असो.

मी म्हटलं, मॅडम, हे काम तुम्ही बरोबर माणसाला दिलंत.

काय काय निघालं. शिंप्याची पाटी आणि सायकल. पैलवानाच्या आईची कुंड्यांची रांग. चपला शिवणाऱ्याचा लाकडी खोका. एका घराची कपडे धुवायची फरशी. आणि शेवटी जाऊबाईचं लोखंडी कपाट, जे आगीनंतर तिने बाहेरच भिंतीला लावून ठेवलंय. मी कुणाचं ऐकलं नाही. एकाने म्हटलं, फक्त दोन बोटं तर येतंय. मी म्हटलं, आग काय दोन बोटं सोडून जाते?

आपल्या दाराशी काठी जरा वर उचलली, ओटा आहे ना तिथे. सून मागून म्हणाली, "आई, काठी." मी म्हटलं, पुढे बघ, अजून अर्धी गल्ली बाकी आहे.

एकूण सहा वस्तू. यादी मॅडमना दिली. त्यांनी वाचली, मग पुन्हा वाचली. विचारलं, एवढंच? मी म्हटलं, एवढंच, माझी नजर चुकत नाही.

९ तारीख, सोमवार

पाच वस्तू हलल्या. कपाट राहिलं होतं, म्हणून मी स्वतः गेले.

जाऊबाई आणि मी तीन वर्षं कामापुरतंच बोलतो. कारण आता नीट आठवतही नाही, पण कुणीतरी आधी बोलायला हवं आणि ते मीच का. तिला म्हटलं, कपाट आत घे. ती म्हणाली, आत जागा नाही, आणि त्या आगीतून हे एकच धड निघालं. मी म्हटलं, म्हणूनच तर. पुन्हा लागली तर हे कपाटच पाणी अडवेल.

ती माझ्या दाराच्या बाजूला बघत होती. मी म्हटलं, तिकडे काय बघतेस, माझ्याशी बोल. तिने कपाट रिकामं करायला घेतलं. संध्याकाळी दोन माणसांनी आत नेलं. आता तिची खाट आणि कपाट यांच्यात आडवं होऊन चालावं लागतं म्हणे.

वाईट वाटलं, नाही असं नाही. पण वाईट वाटून चाललं असतं तर मागच्या वर्षी आग लागलीच नसती.

११ तारीख, बुधवार

पहिला सराव. भोंगा वाजला आणि मी पदर खोचून सुटले. पुढे धावत मी ओरडत होते, बाजूला व्हा, बाजूला व्हा. एक मांजर सोडून वाटेत कुणी नव्हतं, पण ओरडले.

सात मिनिटं दहा सेकंद.

आमच्या दाराशी गाडी अडली. या दोघांना सरळ ढकलताच येत नाही. चाक ओट्याला घासलं, दुसरं गटारात गेलं, मग सगळ्यांनी मिळून गाडी उचलली, एक चाक ओट्यावरून काढलं. मला इस्त्रीचं टेबल आत ओढावं लागलं ते वेगळंच. मी शिंप्याला चांगलं झापलं. तो म्हणाला, "वहिनी, तुमचं बरोबर आहे." बाकीचे खाली बघत होते. चूक झाली की माणसं खाली बघतातच.

मॅडमनी मला बाजूला घेतलं. काठी सगळीकडे फिरवली ना, विचारलं. मी म्हटलं, हो. त्या म्हणाल्या, गुडघ्याच्या खालीच ना? मी म्हटलं, मॅडम, माझ्या कामात खोट निघाली तर नाव बदलीन. त्या हसल्या, मग खिशात हात घातला, मग तो तसाच बाहेर काढला.

१४ तारीख, शनिवार

सहा मिनिटं पाच सेकंद. एक मिनिट तोडलं, म्हणजे माझं ओरडणं कामी येतंय.

आमच्या दाराशी आता कुणाला सांगावं लागत नाही. तिथे आले की सगळे थांबतात, एक दोन तीन म्हणतात, गाडी उचलतात, पुढे ठेवतात. शिस्त आली. मी मॅडमना म्हटलंही, बघा कसे तयार झाले. मॅडमनी मान हलवली.

घरी सून जेवणं झाली की डोळे मिटून बसते आणि रिकामे हात एकमेकांत फिरवते. विचारलं तर म्हणे, पाइप जोडते आहे. अंधारातही जमलं पाहिजे. मी म्हटलं, आधी उजेडात भांडी तरी लवकर घास.

ह्यांना दारात वाकून ओट्यावर वीत टाकताना पाहिलं. काय मोजताय विचारलं तर म्हणाले, मुंग्या.

१६ तारीख, सोमवार

आज जे झालं ते लिहू की नको असं दुपारपासून चाललंय. लिहिते.

सकाळी शिडी कपडे घेऊन आला. बोलता बोलता त्याच्या तोंडून निघालं, बेकरीच्या गल्लीने परवा सराव केला, चार मिनिटं वीस सेकंद. माझी इस्त्रीच थांबली. त्यांची गल्ली आमच्याएवढीच लांब. आमच्याएवढीच अरुंद. मला खात्रीच पटली की त्यांनी काहीतरी लबाडी केली.

म्हणून कपड्यांचं गाठोडं घेऊन गेले, जणू कुणाकडे पोचवायचंय. तिथे मला कुणी ओळखत नाही. एक बाई दारात धान्य निवडत बसली होती, सराव करणाऱ्यांतली निघाली. मी म्हटलं, मी पलीकडच्या गल्लीतली, तुमची गाडी इतकी सरळ कशी जाते ते तरी सांगा. ती मोकळी बाई होती. म्हणाली, त्यात काय, सगळं हलवलं, काठी खाली धरून दोनदा फिरलो. मग मला बसायला सांगितलं, पाणी दिलं, आणि जवळ सरकून म्हणाली,

"तुमच्याकडे काय होणार हो. तुमच्यात कुणी इस्त्रीवाली आहे म्हणे. काठी तिच्याच हातात, आणि मधोमध ओटा तिचाच. सगळ्या गल्लीला माहीत आहे, पण तिच्या तोंडाला कोण लागणार? त्यांचे पुरुषसुद्धा गाडी उचलून नेतात, पण बोलत नाहीत."

मी पाणी पिऊन घेतलं. भांडं तिच्या हातात दिलं. गाठोडं उचललं. तिने विचारलं, तुम्ही काय करता? मी म्हटलं, घरीच असते.



१७ तारीख, मंगळवार

पहाटेच उठून काठी घेतली. गल्लीत कुणी नव्हतं. गुडघ्याच्या उंचीवर धरली आणि आपल्या दाराशी आणली. ठक.

एक वीत आणि वर तीन बोटं. एवढा ओटा बाहेर.

एकोणीस वर्षं मी त्याला वळसा घालून चालते. म्हणून मला तो दिसलाच नाही. खोटं नाही बोलत, दिसला असता तर यादीत पहिला लिहिला असता.

सून चूल पेटवत होती. तिला विचारलं, तू का नाही बोललीस? ती म्हणाली, "दोनदा बोलले होते आई." आणि पुन्हा कामाला लागली. राग आला, पण कुणावर काढायचा ते ठरेना.

मग स्टेशनवर गेले. मॅडम बंबाखाली आडव्या पडून काहीतरी घट्ट करत होत्या. मी म्हटलं, बाहेर या. त्या आल्या, तोंडाला काळं लागलेलं. मी म्हटलं, माझा ओटा गाडीला आडवा येतो हे तुम्हाला पहिल्या दिवसापासून माहीत होतं की नाही?

त्यांनी खिशातून घडी केलेला कागद काढला. ओटा हटवण्याची नोटीस. तारीख नऊ. आठ दिवस खिशात.

"मग द्यायची नाही?"

"तीन वेळा आले होते मावशी द्यायला. तुम्ही बोलत होतात."

"तुम्ही पेटलेल्या घरात शिरता, आणि मला घाबरता?"

"आगीवर पाणी तरी मारता येतं," त्या म्हणाल्या.

मला हसू आलं. ते दिसू नये म्हणून मी कागद हिसकावून घेतला.

येताना विचार करत होते. या ओट्यावर माझं टेबल आहे. तिथे बसून मी सगळी गल्ली बघते. कोण कामाला गेलं, कुणाची सून रुसली, कुणाचा म्हातारा अजून उठला नाही. दोनदा तर मीच धावत जाऊन स्टेशनला सांगितलंय, अमक्याचं दार उघडलेलं नाही. घरात पुढची खोली एवढीशी, तिच्यात खाट. टेबल आत गेलं तर मी भिंत बघणार. आणि लोकांना मी दिसले नाही तर कपडे कोण आणणार? हा ओटा आम्ही दोघांनी बांधला. विटा ह्यांनी आणल्या, सिमेंट मी कालवलं. वर माझ्या हाताचा पंजा उमटलाय, ओलं असताना टेकले होते.

एवढं सगळं मनात येऊन गेलं. मग जाऊबाईचं कपाट आठवलं. तिला मी दोन वाक्यांत गप्प केलं होतं.

१८ तारीख, बुधवार

फोडला.

दुपारी बाराचा भोंगा झाला आणि मी पहिला घाव घातला. हातोडा ह्यांनीच आणून ठेवला होता, कधी आणला माहीत नाही. पहिल्या घावाला नुसती खपली निघाली. चांगलं बांधलं होतं आम्ही. दुसऱ्या घावाला शिंपी दुकानाबाहेर आला. चौथ्याला अख्खी गल्ली. सगळे नुसते बघत उभे. मी म्हटलं, काय तमाशा आहे का, हात लावा. मग असे काही तुटून पडले की विचारू नका. पैलवान तर इतका आनंदाने फोडत होता की मला संशयच आला.

जाऊबाई घमेलं घेऊन आली. विटा भरायला लागली. मी म्हटलं, तुझ्या कपाटाचं मी चुकीचं नव्हते बोलले. ती म्हणाली, "नव्हतीस. पण आधी स्वतःचा फोडला असतास तर मी हसत दिलं असतं." मी म्हटलं, आता हस. ती हसली. मग बराच वेळ दोघी वीट उचलत होतो आणि तीन वर्षांचं बोलत होतो. भांडण कशावरून झालं ते तिलाही आठवत नाही.

संध्याकाळी टेबल आत गेलं. खाट उभी करून ठेवली, रात्री पाडायची. आत अंधार, वाफ कोंडते, गल्लीतून कोण गेलं ते फक्त चपलांवरून कळतं. त्यानंतर दोनच गाठोडी आली. हे म्हणाले, होईल सवय. मी म्हटलं, आत तुम्ही बसा, मग बघते कशी होते ती.

चुकले का? नाही. पण सुखातही नाही.

२१ तारीख, शनिवार

चार मिनिटं पंचेचाळीस. आणि हसून हसून पोटात दुखतंय.

गाडी सुसाट आली. आमच्या दाराशी आली आणि सगळे थांबले. एक दोन तीन म्हणाले, गाडी उचलली, दोन पावलं नेली आणि खाली ठेवली. ओटा नाही, काही नाही, मोकळा रस्ता. सवयीने उचलली. मी बघत उभी. मी पण थांबले होते, तेही लिहायला हवं. मी तर त्या नसलेल्या ओट्याला वळसा घालून गेले.

मॅडम घड्याळ हातात घेऊन भिंतीला टेकल्या आणि हसत खाली बसल्या. त्यांना हसताना बघून मोठ्या साहेबांचं काय ते टेन्शन सगळ्यांचं उतरलं. पुन्हा केलं, पुन्हा उचलली. तिसऱ्यांदा मी मागे पळत ओरडत होते, उचलू नका, उचलू नका. ते ऐकायला शिंपी वळला आणि गाडी भिंतीवर गेली.

जाताना मॅडमनी माझ्या गळ्यात शिट्टी घातली. चांदीसारखी चकचकीत. म्हणाल्या, मावशी, चोवीसला पूर्ण वेळ ही तोंडात ठेवायची, काढायची नाही. शिट्टी ज्याच्या गळ्यात तो पथकाचा पुढारी.

मला माहीतच होतं, शेवटी माझी किंमत कळणार. पथकात शिट्टी फक्त मला.

२३ तारीख, सोमवार

उद्या. अन्न जात नाही. सून मात्र दोन वेळा जेवली. आज सकाळी तिने शिंपी आणि पैलवानाला दाराशी बोलावून ओट्याच्या जागेवर खडूने एक रेघ मारली आणि त्यांना दहा वेळा त्यावरून नुसती मोकळी पावलं टाकायला लावली. मला आधी विचारलं नाही. चांगली युक्ती होती, म्हणून मी काही बोलले नाही.

बेकरीच्या गल्लीची परीक्षा आज झाली. तीन मिनिटं अठ्ठावन्न. ते चार मिनिटांत बसले. म्हणजे आता आम्हाला त्यांच्याहून कमी वेळ हवा. मॅडम म्हणाल्या, साहेबांनी तसंच ठरवलंय.

२४ तारीख, मंगळवार

आजच लिहिते, नाहीतर उद्या काहीतरी विसरेन.

मोठे साहेब आले. जाडजूड, टोपी काखेत, कपड्यांना इस्त्री बरी होती पण कॉलर नीट नव्हती. मी सांगणार होते, शिट्टी तोंडात होती. बेकरीच्या गल्लीच्या बायकाही बघायला आल्या. ती धान्य निवडणारी सगळ्यांत पुढे. तिने मला बघितलं, शिट्टी बघितली, पाडलेल्या ओट्याची जागा बघितली, आणि तोंडावर पदर घेतला. मी तिला मान हलवून नमस्कार केला. तिची काही चूक नव्हती.

भोंगा वाजला.

मी पळाले. शिट्टी फुंकत पळाले. मागे चाकांचा घरघर आवाज येत होता आणि मी मागे बघितलं नाही. आमचं दार आलं. रेघ आली. गाडी रेघेवरून गेली, थांबली नाही. मला वाटलं आता मी उडणार. शिंप्याची सायकल नाही, कुंड्या नाहीत, खोका नाही. एवढी मोकळी आमची गल्ली मी कधी बघितलीच नव्हती. लग्न होऊन आले तेव्हासुद्धा नाही.

शेवटी पोचलो. जाऊबाईने झाकण उघडून ठेवलं होतं, नळी आत गेली. शिंप्याने दोरी ओढली. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा इंजिन धडधडलं. सुनेने तोंड जोडलं, खट झालं, मी ऐकलं. पुढे होऊन ती जाऊबाईच्या दाराकडे तोंड करून उभी राहिली.

पाणी आलं नाही.

मॅडमच्या हातातलं घड्याळ मला दिसत होतं. मी शिट्टी थुंकली. तोंड उघडलं. सगळे माझ्याकडे बघायला लागले, शिंप्याने हातातली दोरीसुद्धा सोडली. आणि सुनेने एक हात वर केला. माझ्याकडे न बघता. पंजा उघडा, असा.

मी गप्प बसले. माझ्या तोंडात शब्द होता, तो तसाच राहिला. शिंपी गप्प, पैलवान गप्प, सगळी गल्ली गप्प. फक्त इंजिन. सून पाइपाच्या कडेने मागे बघत आली, चार पावलं, पाच पावलं, जिथे पाइपाला पीळ पडला होता तिथे वाकून दोन हातांनी तो उलगडला. पाइप फणा काढलेल्या सापासारखा ताठ झाला. ती धावत पुढे गेली आणि दोन्ही हातांनी तोंड धरलं.

पाणी जाऊबाईच्या भिंतीवर असं बसलं की नवीन रंग निघाला.

तीन मिनिटं एकावन्न.

पुढे काय झालं ते नीट आठवत नाही. कुणीतरी मला उचललं, बहुतेक शिडीने. जाऊबाई ओली चिंब. ती धान्यवाली टाळ्या वाजवत होती. हे शाळेची गाडी लवकर सोडून आले होते आणि भिंतीशी उभे राहून डोळे पुसत होते. विचारलं तर म्हणाले, पाणी उडालं.

मग साहेबांनी वही काढली. म्हणाले, गाडी तुमची. आता तिची जबाबदारी एकाच्या नावावर लिहायची. किल्ली त्याच्याकडे राहील, सराव तोच घेईल, आग लागली तर बंब येईपर्यंत त्याचाच शब्द चालेल. कुणाचं नाव लिहू?

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मॅडमसुद्धा. साहेबांनी पेन माझ्याकडे बघूनच उघडलं. माझं नाव मी मनात तयारच ठेवलं होतं. कालपासून नाही, तीन तारखेपासून.

मी म्हटलं, "माझ्या सुनेचं लिहा."

का म्हटलं ते मला अजून कळलेलं नाही. तोंडातून निघून गेलं. सून माझ्याकडे बघत राहिली. मी म्हटलं, साहेबांना नाव सांग, उभी काय राहिलीस. तिने सांगितलं. पूर्ण नाव, मोठ्याने. मी तिचा एवढा आवाज लग्नातही ऐकला नव्हता.

आता किल्ली आमच्या दाराच्या खिळ्याला लटकते आहे. मी आत टेबलाशी बसून लिहिते आहे. उद्या सकाळी सहाला सराव आहे. सूनबाईंचं म्हणणं, सहा म्हणजे सहा, कुणी उशीर केला तर त्याच्याशिवाय गाडी निघेल.

मला सांगते.